शेणखताच्या ढिगासाठी पुढील लोडरचे पाते: जोडणी, समायोजन आणि गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने ट्रॅक्टरच्या लोडरविषयी लिहावे, हे प्रथमदर्शनी विषयांतर वाटण्याची शक्यता आहे. तथापि काही किडींचे नियंत्रण फवारणी पंपापेक्षा यंत्राच्या एखाद्या नट-बोल्टावर अधिक अवलंबून असते. नारळावरील गेंड्या भुंगा ही अशीच एक कीड होय.

म्हैसूर शहरातील गोकुलम येथे मुक्कामास असताना शहराबाहेरील एका नारळबागेत जाण्याचा योग आला. बागायतदार जाणते होते. त्यांनी कामगंध सापळे लावले होते आणि बांधालगतचा शेणखताचा ढीग चार महिन्यांत दोनदा ट्रॅक्टरने हलविला होता. तरीही माडांचे नवे सुळे कुरतडलेलेच निघत होते. ढीग पुन्हा एकदा सारून पाहिला, तेव्हा वरच्या खतात अळ्या तुरळक आढळल्या. पाते फिरून गेल्यावर मात्र जमिनीलगत चार बोटे जाडीचा, दाबून घट्ट झालेला थर तसाच शिल्लक राहिला होता. तो खुरप्याने उकरताच अंगठ्याएवढ्या जाड अळ्या मुठी भरभरून निघाल्या. तळात दगड असल्याने पात्याच्या दोन्ही टोकांचे आधारबूट पूर्ण खाली सोडलेले होते, त्यामुळे पात्याची धार तळापर्यंत पोहोचतच नव्हती. ढीग दोनदा हलला, कीड मात्र जागच्या जागी राहिली. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच की ही चूक अन्यत्र होऊ नये.

किडीचा मुक्काम नेमका कोठे असतो?

गेंड्या भुंग्याचे शास्त्रीय नाव ओरिक्टेस ऱ्हिनोसेरॉस. प्रौढ भुंगा काळपट तपकिरी असून त्याच्या डोक्यावर गेंड्यासारखे शिंग असते. तो रात्री माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उमललेला सुळा पोखरतो. असे पान उमलल्यावर कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखे दिसते. शेंड्यातील छिद्राबाहेर चघळलेल्या तंतूंचा भुसा लोंबत असतो. लहान रोपाचा कोंब मेला तर रोपच जाते. मोठ्या माडात या जखमांतून सोंड्या भुंगा अंडी घालतो, आणि मग उभा माड दगावतो.

मादी अंडी मात्र माडावर घालत नाही. कुजलेले शेणखत, काथ्याचा भुसा, लाकडाचा भुसा, पडून कुजलेली माडाची खोडे ही तिची पसंतीची ठिकाणे. अंडी साधारण ८ ते १२ दिवसांत उबतात. अळी तीन अवस्थांतून वाढते व तिला सर्वसाधारणपणे ३ ते ५ महिने लागतात. त्यानंतर ती ढिगाच्या तळाशी वा त्याखालील मातीत कोष करते. थोडक्यात, प्रौढ कीड बागेत विखुरलेली असली तरी तिची पुढची पिढी आपल्याच ढिगात, एका ठिकाणी, काही महिने साठलेली असते. नियंत्रणाची हीच सर्वांत सोपी वेळ होय.

ढिगातही तिची जागा ठरलेली असते. चांगल्या कुजणाऱ्या ढिगाच्या गाभ्याचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. एवढ्या उष्णतेत अळी तग धरत नाही, म्हणून ती बाहेरच्या थंड आवरणात आणि तळाच्या थंड, दमट थरात राहते. ढीग परतण्याचे शास्त्र यातच आहे. बाहेरचे व तळाचे खत गाभ्यात गेले पाहिजे आणि गाभ्याचे बाहेर आले पाहिजे. तळाचा थर जागचा न हलल्यास परतणी निष्फळ ठरते. म्हणूनच पात्याची धार जमिनीपासून किती उंचीवर आहे, हा पीक संरक्षणाचा प्रश्न ठरतो.

प्रत्येक पांढरी अळी ‘हुमणी’ नव्हे

खतात पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली अळी दिसली की ती हुमणी समजून शेतात जमिनीत कीटकनाशक टाकले जाते. हा खर्च अनेकदा व्यर्थ जातो. ढिगात व शेतात आढळणाऱ्या अळ्यांचे तीन गट ओळखता आले पाहिजेत.

१. गेंड्या भुंग्याची अळी: पूर्ण वाढल्यावर ६ ते १० सेंमी लांब व अंगठ्याएवढी जाड. पिकाची जिवंत मुळे खात नाही. नुकसान प्रौढ भुंगा करतो.

२. हुमणी: होलोट्रिकिया सेराटा, तसेच सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या ऊसपट्ट्यातील ल्युकोफोलिस लेपिडोफोरा या जातींच्या अळ्या. माद्या अंडी प्रामुख्याने शेतातील मातीत घालतात. येथे नुकसान अळी करते, कारण ती मुळे खाते. कोवळी अळी आरंभी सेंद्रिय पदार्थांवर जगते, म्हणून अर्धवट कुजलेले खत शेतात घालणे तिच्या पथ्यावर पडते.

३. फुलभुंग्याची अळी: ही अळी गुळगुळीत फरशीवर ठेवली असता उताणी होते आणि पाय वर करून पाठीवर सरपटत जाते. ती कुजलेले पदार्थ खाऊन त्यांचे बारीक खत करते. तिच्यापासून पिकाला भय नाही.

ही फरशीची चाचणी विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात अवश्य करून दाखवावी. दोन मिनिटांत होते आणि कायमची लक्षात राहते.

लोडर व पाते यांची रचना

पुढील लोडरला दोन बाहू, बाहू उचलणारे हायड्रॉलिक सिलिंडर, अवजाराचा कल बदलणारे सिलिंडर आणि अवजार अडकविण्याची चौकट असे मुख्य भाग असतात. बादलीऐवजी चौकटीला वक्र पाते लावले की लोडर उचलण्याचे सोडून सारण्याचे काम करू लागतो. बर्फ पडणाऱ्या देशांत शेतकरी हिवाळ्यात याच जोडणीने अंगणातील व रस्त्यावरील बर्फ सारतात. आधारबूट, अडथळा येताच पात्याला झुकू देणाऱ्या स्प्रिंगा आणि पाते डावी-उजवीकडे तिरके करण्याची सोय यांचा उपयोग त्या कामात फार होतो. आपल्याकडे बर्फ नाही. परंतु दडलेल्या दगडाची, ओबडधोबड तळाची आणि चिकट मालाची अडचण तीच आहे.

एक मर्यादा आरंभीच ध्यानी घ्यावी. लोडरचे बाहू मुख्यतः उचलण्यासाठी घडविलेले असतात, धडक देण्यासाठी नव्हेत. तिरक्या पात्याचे एक टोक दगडाला अडकले तर बाहूंना पीळ बसतो. म्हणून पाते लावल्यावर काम सदैव पहिल्या, सावकाश गिअरमध्येच करावे आणि ढिगाला वेगाने भिडू नये.

जोडणीपूर्वीची तयारी

लोडरवर भार आला की ट्रॅक्टरची मागील चाके हलकी होतात. दोन चाकी चालनाच्या बहुतेक ट्रॅक्टरांत ब्रेक मागील चाकांनाच असतात. मागचा भार गेला की पकड जाते आणि ब्रेकही जातात. उतारावर अशी अवस्था जीवघेणी ठरते. यास्तव मागील तीन बिंदू जोडणीला संतुलनाचे वजन लावल्याखेरीज लोडर वापरू नये. २०० लिटरच्या ड्रममध्ये काँक्रीट भरल्यास सुमारे ४८० किलो वजन तयार होते. मात्र आपल्या ट्रॅक्टरला नेमके किती वजन चालते, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

पुढील दोन्ही टायरांतील हवा पुस्तिकेप्रमाणे व एकसमान असावी. एका टायरात हवा कमी असेल तर पाते एका बाजूला कलते आणि पुढचे सर्व समायोजन चुकते. मागील चाकांमधील अंतर शक्य तितके रुंद ठेवावे. बाहूंच्या पिना, बुश व ग्रीसचे निपल तपासून ग्रीस भरावे.

जोडणीचा क्रम

१. पाते सपाट, कठीण जागी दोन लाकडी ठोकळ्यांवर उभे ठेवावे. परिसरात मुले व जनावरे नसावीत.

२. ट्रॅक्टर पात्याच्या अगदी मध्यावर, सरळ रेषेत, सावकाश न्यावा. बाहू खाली आणून चौकट किंचित पुढे झुकवावी.

३. चौकटीचा वरचा काठ पात्याच्या पाठीमागील हुकांखाली आणावा. बाहू थोडे उचलून चौकट मागे वळवावी, म्हणजे पात्याचा खालचा भाग आपोआप चौकटीला टेकतो.

४. पाते जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे, हँडब्रेक लावावा आणि मगच खाली उतरून कुलूपपिना बसवाव्यात. पिन दुसऱ्या बाजूने पूर्ण बाहेर आलेली डोळ्यांनी पाहावी व तिला क्लिप लावावी. केवळ खटका वाजला, एवढ्यावर विसंबू नये.

५. साध्या पिनेची जोडणी असेल तर दोन्ही छिद्रे जुळली की नाही हे बोट घालून कधीही पाहू नये. बाहू केसभर सरकला तरी बोट तुटते. त्यासाठी सळई वापरावी.

६. पाते तिरके करण्यास हायड्रॉलिक सिलिंडर असल्यास इंजिन बंद ठेवून लिव्हर पुढे-मागे हलवावा, म्हणजे नळ्यांतील दाब उतरतो. कपलर स्वच्छ पुसूनच जोडावेत. धुळीचा कणही व्हॉल्व्ह खराब करतो.

७. इंजिन सुरू करून सर्व हालचाली सावकाश करून पाहाव्यात. तेलाची गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी, हाताने नव्हे. दाबाखालील तेलाची बारीक धार कातडीत शिरते. तसे घडल्यास जखम लहान दिसली तरी विलंब न करता रुग्णालय गाठावे.

८. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळावेत.

समायोजन: पाच गोष्टी

*आडवी पातळी.* सिमेंटच्या सपाट अंगणात पाते जमिनीपासून थोडे वर धरून दोन्ही टोकांची उंची मोजावी. फरक १ सेंमीपेक्षा अधिक नसावा. फरक अधिक असेल तर प्रथम टायरमधील हवा, नंतर झिजलेले बुश आणि शेवटी वाकलेली चौकट पाहावी. एक टोक वर राहिले की त्या बाजूला खताची पाचर शिल्लक राहते आणि अळ्या तिच्यात सुरक्षित राहतात.

*पुढचा-मागचा कल.* पात्याची खालची धार पुढे आली की ते जमिनीत घुसते. वरचा काठ पुढे झुकला की धार जमिनीला घासत सरकते. आरंभ पाते उभे ठेवून करावा. तळाचा घट्ट थर सुटत नसेल तर खालची धार अगदी थोडी पुढे काढावी. योग्य कल सापडला की चौकटीवर व बाहूवर एकाच रेषेत रंगाची खूण करून ठेवावी. बसल्या जागेवरून पात्याचा कल कळत नाही. ती खूण पाहून चालकाला तो पुन्हा साधता येतो.

*आधारबूट.* प्रस्तुत विषयातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग. सिमेंटच्या तळावर धार जमिनीपासून साधारण १ सेंमी वर राहील असे बूट लावावेत. कच्च्या पण घट्ट जमिनीवर २ ते ३ सेंमी अंतर पुरते. तळात दगड आहेत म्हणून बूट पूर्ण खाली सोडणे हा उपाय नव्हे. दगड वेचावेत, अथवा ढिगाची जागा बदलावी. दोन्ही बूट समान छिद्रात आहेत याची खात्री करावी. शिल्लक राहणारा पातळ थर फावड्याने खरवडून ढिगात घ्यावा. हे काम मजुरांवर सोपवून निघून न जाता स्वतः पाहावे, कारण कोष याच थरात मिळतात.

*तरंगती स्थिती.* काही लोडरांच्या लिव्हरला अशी एक स्थिती असते की बाहू मोकळे सुटतात आणि पाते जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे आपोआप वर-खाली होते. घट्ट तळावर ही स्थिती उत्तम. भुसभुशीत वा ओल्या मातीवर मात्र पाते स्वतःच्या वजनाने रुतते आणि खतात माती येते. ही सोय नसलेल्या लोडरमध्ये बुटांच्या आधारावर, लिव्हर हलका हाताळत काम करावे. पाते खाली इतके दाबू नये की पुढची चाके उचलली जातील. तसे झाल्यास स्टिअरिंगचा ताबा सुटतो.

*तिरपेपणा व स्प्रिंगांचा ताण.* ढीग परतताना पाते सरळ ठेवावे. खत पातळ पसरताना २० ते ३० अंश तिरके केल्यास माल एका बाजूला सलग पडतो. स्प्रिंगांचा ताण असा असावा की खताच्या भाराने पाते झुकू नये, परंतु रुतलेल्या दगडाला लागताच झुकावे. दोन्ही बाजूंच्या बोल्टचे उघडे आटे मोजून ताण समान ठेवावा.

हे सर्व झाल्यावर दहा मीटरची चाचणी फेरी मारावी आणि उतरून तळ पाहावा. खत शिल्लक असल्यास धार वर आहे, माती आली असल्यास धार खाली आहे. बूट एक-एक छिद्राने सरकवून पुन्हा पाहावे.

ढीग परतण्याची पद्धत

परतणी सकाळी आरंभावी. उंच ढिगाच्या पायथ्याशी थेट पाते घालू नये, कारण वरचा भाग अंगावर ढासळतो. आधी माथ्याकडील भाग उतरवून मग तळाकडे यावे. खत शेजारच्या मोकळ्या जागेवर १५ ते २० सेंमी जाडीच्या थरात पसरावे आणि अर्धा दिवस तसेच ठेवावे. साळुंक्या, कावळे, बगळे व घरच्या कोंबड्या अळ्या वेचतात. मोठ्या अळ्या व कोष हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. दिवसभर उन्हात ठेवल्यास खतातील ओल व नत्र वाया जातो, म्हणून दुपारनंतर ढीग पुन्हा रचावा. रचताना मूळचे तळाचे व कडेचे खत मध्यभागी घ्यावे.

अळीला पूर्ण वाढीस तीन महिन्यांहून अधिक काळ लागत असल्याने दर दीड ते दोन महिन्यांनी परतणी केल्यास अंड्यापासून भुंगा होईपर्यंत तिला किमान एकदा तरी गाठता येते.

मेटारायझियमची जोड

मेटारायझियम ही हिरवी बुरशी या अळीला रोगग्रस्त करते. ढिगाच्या दर घनमीटरला ५० हजार कोटी बीजाणू अशी शिफारस आहे. येथे पाकिटावरील मजकूर वाचणे अत्यावश्यक आहे. ज्या उत्पादनाच्या प्रतिग्रॅममध्ये १०० कोटी बीजाणू आहेत, ते दर घनमीटरला ५०० ग्रॅम पुरते. प्रतिग्रॅम १० कोटी असतील तर तेच प्रमाण ५ किलो होते. ४ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच अशा ८ घनमीटरच्या ढिगाला पहिल्या उत्पादनाचे ४ किलो, तर दुसऱ्याचे ४० किलो लागेल. स्वस्त पाकीट महाग पडते ते असे.

ही बुरशीही जिवंत असल्याने तापलेल्या ढिगात ती टिकत नाही. लोखंडी सळई ढिगात दहा मिनिटे खुपसून बाहेर काढावी. ती हाताला चटका देत असेल तर बुरशी आत मिसळू नये. तापता ढीग उष्णतेने स्वतःचे काम करीतच असतो. निवलेल्या ढिगात, तसेच खरवडलेल्या तळावर, संध्याकाळी पाणी शिंपडून बुरशी मिसळावी. त्याच वेळी बुरशीनाशक वापरू नये.

ढिगाची राखण

ही कीड किती दूर पोहोचते, हे इतिहास सांगतो. १९०९ साली ती सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर सामोआ बेटांवर गेली आणि तेथून प्रशांत महासागरातील नारळाच्या मुलखात पसरली. ग्वाम बेटावर ती २००७ मध्ये आढळली. तेथे खताच्या ढिगांवर मासेमारीचे जाळे पसरण्याचा साधा उपाय केला गेला. अंडी घालण्यास येणारे व ढिगातून बाहेर पडणारे भुंगे त्यात अडकतात. कोकणच्या किनाऱ्यावर जुन्या जाळ्यांना तोटा नाही. परतणी झाली की ढीग जाळ्याने झाकून ठेवावा.

पडलेली माडाची खोडे बागेत कुजू देऊ नयेत. नवा ढीग करताना शक्य तर तळाला सिमेंटचा वा दगडी फरशीचा थर द्यावा. असा तळ असला की पात्याची धार जमिनीलगत आणता येते, खतात माती मिसळत नाही आणि किडीला कोषासाठी मातीही मिळत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. पुढील लोडरचे प्रात्यक्षिक आयोजित कराल तेव्हा पाते किती माल सारते एवढेच दाखवू नका. फेरी झाल्यावर शेतकऱ्यांना सारलेल्या जागेवर न्या, खुरपे हाती द्या आणि तळ उकरून पाहावयास सांगा. समायोजन बरोबर झाले की नाही, याची साक्ष तो तळच देईल.